माझ्या हातांचा दोष

९ जानेवारी, सोमवार

व्हॅन परत आली. गुरुवारी शाळा सुटल्यावर सिरिपाल अय्यांच्या गॅरेजात सोडली होती. पोयाची, म्हणजे पौर्णिमेची, सुट्टी आणि शनिवार-रविवार जोडून त्यांनी सगळं उघडून साफ केलं. ब्रेक बघितले, तेलं बदलली, सीटखालचा तो जुना खडखडाटही घालवला. सत्तावीस वर्षांची गाडी, पण पहिल्या किल्लीला सुरू झाली.

फक्त स्टिअरिंग जड वाटलं. टाकीच्या वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागलं. फोन केला तर अय्या म्हणाले, "अगं, नवं तेल आहे. चार दिवस चालू दे, मुरेल."

ते म्हणतात म्हणजे मुरेल. माझा नवरा गेल्यावर या माणसानेच मला गाडी शिकवली. देवळामागच्या मैदानावर, महिनाभर, रोज पहाटे. लोक म्हणत होते, व्हॅन विकून टाक, शाळेची पोरं न्यायची म्हणजे काय बाईचं काम आहे? अय्या सगळ्यांदेखत म्हणाले, "पियदासची व्हॅन पियदासच्या दारातच उभी राहील." अय्या म्हणजे थोरला भाऊ, पण सख्ख्यानेही एवढं केलं नसतं.

या वहीत पियदास तेलपाणी लिहायचा. उरलेली पानं माझी.

१२ जानेवारी, गुरुवार

अय्यांच्या जावयाची, दिनुषची व्हॅन अखेर रस्त्यावर आली. सात महिने ताडपत्रीखाली होती. आयातबंदीमुळे बाहेरून मालच येत नाही, पार्ट मिळणार कुठून? त्याचीही माझ्यासारखीच डॉल्फिन. या बनावटीला इकडे सगळे डॉल्फिनच म्हणतात, कुणी खरं नाव घेत नाही. आता तो पाहुण्यांना घेऊन कँडीपासून समुद्रापर्यंत फिरणार. घरी बसून बसून पार काळवंडला होता बिचारा.

संध्याकाळी बोलावलं होतं. दिवा लावला, किरिबत, नारळाच्या दुधातल्या भाताच्या वड्या, केला होता, चाकाखाली लिंबं ठेवली. दिनुष म्हणाला, "अनुला अक्का, एक वात तुम्ही लावा."

अय्या म्हणाले, "तिला कशाला त्रास..." पण मी तोवर काडी ओढली होती. मनापासून लावली. म्हटलं, या घराचं चांगलं होऊ दे.

"कुठला पार्ट अडला होता हो इतके दिवस?" मी विचारलं.

"आला एकदाचा," अय्या म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक वडी वाढली. त्यांची लेक हर्षनी मात्र काही खात नव्हती. दिवस गेले असतील का? विचारायला हवं.

१८ जानेवारी, बुधवार

मुरलं नाही. सकाळी थंड असताना बरं चालतं. गंपोल्याला शाळेत पोचेपर्यंत जड होतं आणि दुपारी परतताना तर दगड. गाडी उभी असताना, किंवा हळू चालवताना जास्त. ॲक्सिलरेटर दाबला की थोडं सैल पडतं. पुढून कण्हल्यासारखा आवाजही येतो. मागच्या सीटवरची थरुली म्हणते, "आंटी, व्हॅनच्या पोटात दुखतंय."

तेलाची पातळी बघितली. बरोबर आहे. टायरची हवा भरून घेतली. फरक नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

अय्यांनी पट्टा ताणून दिला. इंजिनवरून स्टिअरिंगच्या तेलपंपाला फिरवणारा तो रबरी पट्टा. म्हणाले, "सैल होता, घसरत होता. म्हणून आवाज."

"पंपच तर नाही ना गेला?" मी विचारलं.

"पंपाला काय धाड भरलीय? पियदासच्या वेळचा पंप आहे तो. त्याला हात लावायचा नाही. एकदा उघडला की संपला, आता बदली मिळत नाही."

खरंच आहे. आपलं चांगलं आहे ते कशाला उचकायचं.

२३ जानेवारी, सोमवार

पट्टा ताणून काहीही झालं नाही.

२८ जानेवारी, शनिवार

आज अर्धा दिवस गॅरेजात. तेलाच्या डबीत फेस दिसतो हे मीच दाखवलं. अय्या म्हणाले, हवा शिरली आहे, काढू. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. वीस वेळा, तीस वेळा. ते डबीत तेल घालत होते. चाकं अधांतरी असताना स्टिअरिंग अगदी दोन बोटांनी फिरत होतं. मी म्हटलं, "बघा की, किती हलकं!"

त्यांनी नळ्यांचे जोड पुसले, कुठे गळतंय का पाहिलं. गळत नव्हतं. मग साधा चहा आणि गुळाचा खडा पुढे करून म्हणाले, "आता ठीक होईल."

निघताना पाठीवर थोपटलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, की डिझेलचा धूर गेला असेल. वय झालं. माझ्या कटकटीने थकतात.

१ फेब्रुवारी, बुधवार

ठीक झालं नाही. मी पुन्हा गेले. या वेळी जरा आवाज चढला माझा.

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "अनुला, एक बोलू? राग मानू नकोस. गाडीत काही नाही. तू सत्तेचाळीसची झालीस. बायकांच्या मनगटातला जोर या वयात उतरतो. गाडी तीच आहे, हात ते नाहीत."

बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी मान खाली घालून निघाले.

घरी येऊन हात बघत बसले. खरंच असेल का? नारळ किसताना परवा मनगट दुखलं होतं. आईची बोटं पन्नाशीतच वाकडी झाली होती. गाडीवर आळ घेत होते मी, आणि तो माणूस मला वाईट वाटू नये म्हणून महिनाभर पट्टे ताणत बसला.

५ फेब्रुवारी, रविवार. पोया

देवळात हर्षनी भेटली. दिवस वगैरे काही गेलेले नाहीत. दिनुषला एकापाठोपाठ एक फेऱ्या मिळताहेत म्हणाली, पण आनंदाने नाही. मी म्हटलं, "तुझे बाबा माझ्यापायी फार दमतात गं." तशी ती एकदम "अक्का, फुलं वाहून येते" म्हणून गेली ती परत आलीच नाही. लहान होती तेव्हा माझ्या मांडीवरून उतरायची नाही. मोठेपणी पोरी तुटतात.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी परतताना टाकीच्या वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला. मी डावीकडे घ्यायला स्टिअरिंग ओढलं. ते अर्ध्यात अडलं. सगळं अंग टाकलं त्याच्यावर. फिरलं, पण उशिरा. डावं चाक गटारात गेलं, व्हॅन दाणकन बसली. त्या गटाराच्या दोन हात पलीकडे काय आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. खाली चहाचे मळे, सरळ नदीपर्यंत.

अकरा पोरं. दहा जणांना काही नाही. थरुलीची हनुवटी पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली. तीन टाके. सात वर्षांची पोर, मला म्हणते, "आंटी, तुम्ही का रडता? मला लागलंय ना?"

ट्रकवाल्याने दोर लावून व्हॅन काढून दिली.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

पालक शाळेच्या व्हरांड्यात जमले. मी अय्यांना बोलावलं होतं. गाडीबद्दल कुणी विचारलं तर मिस्त्री बरोबर असलेला बरा.

थरुलीची आई, चमारी मिस, गावातल्याच शाळेत शिकवते. तिने शांतपणे विचारलं, "गाडीत दोष होता का?"

मी अय्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही. गाडी नीट आहे. दोष माझ्या हातांचा. जोर कमी पडला."

मग अय्या बोलले, "पहिलीच चूक आहे तिची. एकटी बाई आहे, सांभाळून घ्या."

किती मोठं मन. मी घरी येऊन त्यांना फोन करून आभार मानले.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज चार पोरं आली नाहीत. थरुली तर नाहीच. चार फाटकांपुढे हॉर्न वाजवून थांबले, कुणी बाहेर आलं नाही. एका घराचा पडदा हलला फक्त.

१५ फेब्रुवारी, बुधवार

व्हॅन विकायची ठरवलं. हातच राहिले नाहीत तर दुसऱ्यांच्या पोरांशी खेळ कशाला? विकण्यापूर्वी बाहेरच्या कुणाला तरी दाखवून घ्यावी, घेणाऱ्याला फसवल्यासारखं नको. नावलपिटियात स्टेशनामागे फलील नाना आहेत, फक्त स्टिअरिंगचीच कामं करतात. अय्यांना सांगितलं नाही. उगाच वाईट वाटेल.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

फलील नाना सत्तरीचे असतील. बोलतात कमी, कुठल्याही बाईला मिस म्हणतात. मी आधीच सांगून टाकलं, "नाना, गाडीत काही नाही. माझ्या हातांत जोर नाही."

"असं कोण म्हणालं?"

"आमचे मिस्त्री."

"मिस्त्री की वैद्य?" ते म्हणाले आणि जॅक घेऊन आले. चाकं उचलून स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "इथे अडत नाही. म्हणजे खालचा गिअर, सांधे, सगळं चांगलं." मग व्हॅन खाली घेतली, तेल तापेपर्यंत पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि स्वतः बसून फिरवलं. त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. त्यांनाही दात आवळावे लागले.

"माझ्याही हातांत जोर नाही वाटतं, मिस."

पंपाच्या नळीत त्यांनी दाब मोजायचं एक घड्याळासारखं यंत्र जोडलं. त्याची चावी दोन क्षण बंद केली. काटा जरासा उठला आणि निम्म्यापर्यंतही गेला नाही. "पंप मेलाय. आतली पाती झिजून गेलीत. तेल थंड असतं तोवर कसाबसा ढकलतो, तेल तापून पातळ झालं की दम संपतो. कधी बदलला हा?"

"कधीच नाही. नवऱ्याच्या वेळचाच आहे. उलट तो जपून ठेवलाय. एकदा त्याचा बोल्ट बसतो तो कान तुटला होता, तर नवऱ्याने पितळ ओतून जोडून घेतला. मीच बत्ती धरून उभी होते तेव्हा."

फलील नाना बराच वेळ आत वाकून राहिले. मग पुढची सीट, तिच्याच खाली इंजिन आहे, पूर्ण उचलून मला म्हणाले, "या, बघा. पितळ कुठाय?"

बत्ती त्यांनी धरली. पंपाचे दोन्ही कान शाबूत होते. कुठे जोड नाही, कुठे पिवळी रेघ नाही.

"हा तुमचा पंप नाही, मिस. दुसऱ्या गाडीचा आहे. बोल्टांवर मळ बघा, बाकी सगळं जुनं काळं आणि हे चारच पुसलेले. दीडेक महिना झाला असेल."

मी म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय."

ते हात धुऊन आले आणि एक स्टूल आणून ठेवलं माझ्यासाठी.

१८ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर मनाशी वाद घातला. गॅरेजातल्या कुणा कामगाराने केलं असेल. पियदासनेच कधी बदलून घेतला असेल आणि मला सांगितलं नसेल. इतकं की, मेलेल्या नवऱ्यावर आळ घ्यायला तयार झाले मी, पण त्या एका नावापाशी मन जाईना.

सकाळी दिनुषच्या घरी गेले. तो आंघोळीला नदीवर गेला होता, व्हॅन दारात उभी. हर्षनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी काही विचारायच्या आत तिने सूप खाली ठेवलं, घरात जाऊन किल्ली आणली, पुढचं दार उघडलं आणि सीट उचलून धरली.

"बघा अक्का. बघायलाच आलात ना?"

पितळ होतं. जाडजूड, ओबडधोबड, एका बाजूला ओघळलेलं. माझा हात हलला होता म्हणून पियदास तेव्हा ओरडला होता.

"दिनुषला माहीत आहे?"

"नाही. बाबांनी त्याला सांगितलंय की कोलंबोहून आला. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. थरुलीला लागलं त्या दिवशी मी म्हटलं बाबांना, परत द्या. म्हणाले, आता दिला तर कबूल केल्यासारखं होईल."

ती सीट धरून रडत होती. मला रडू आलं नाही. मी त्या व्हॅनसाठी वात लावली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

गॅरेज बंद होतं. सिरिपाल मागे फणसाखाली बसला होता. मला पाहून उठला, आणि माझं तोंड बघून पुन्हा बसला.

"हर्षनीने सांगितलं?"

"मी पाहिलं."

तो एकदम सुटल्यासारखा बोलायला लागला. "पोरीचा संसार मोडायला आला होता, अनुला. सात महिने जावई घरात. रोज भांडणं, एक दिवस तिच्यावर हात उचलला त्याने. पंप कुठे म्हणून शोधला नाही मी! तुझी व्हॅन तीन दिवस समोर उभी होती. म्हटलं, दोन महिन्यांपुरता घेऊ. बंदी उठेल, नवा येईल, गुपचूप परत बसवू. तुला कळायचंही नाही."

"मला मागितला का नाहीत?"

"मागितला असता तर तू दिला असतास."

"मग?"

"मग तुझे उपकार घेऊन जगायचं मी? तुला गाडी मी शिकवली."

एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की तो मला वर ओढतोय. तो मला खाली ठेवूनच हात देत होता. दिला असता का मी पंप? खरं सांगायचं तर माहीत नाही. आता ते कधी कळायचंही नाही.

"बरं, पंप घेतलात," मी म्हटलं. "माझ्या हातांचं का काढलंत? लोकांसमोर?"

तो अगदी हळू म्हणाला, "काहीतरी सांगायला हवं होतं ना. तू पंपाच्या जवळ जवळ येत होतीस."

चोरी मी समजू शकले असते. हे नाही. अठरा दिवस मी स्वतःच्या हातांकडे परक्यासारखी बघत होते. पोराबाळांच्या आईबापांसमोर उभी राहून मीच साक्ष दिली माझ्याविरुद्ध, आणि हा शेजारी उभा होता.

"पंप शुक्रवारपर्यंत फलील नानांकडे पोचवा," एवढंच म्हटलं. "तुम्ही बसवायचा नाही."

२१ फेब्रुवारी, मंगळवार

व्हॅन उभी. पोरं बसने गेली. दिवसभर काही खाल्लं नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

पंप आला. स्वतः दिनुष घेऊन आला, त्याचीच व्हॅन फलील नानांच्या दारात आणून तिथेच पंप काढून दिला. त्याला गुरुवारी कळलं. तो माझ्या पायांपाशी वाकला. मी त्याला उठवलं. त्याचं काय चुकलं? आता त्याची गाडी पुन्हा ताडपत्रीखाली.

फलील नानांनी पंप बसवला, नळ्या धुतल्या, नवं तेल भरलं, हवा काढली. "फिरवा," म्हणाले. मी सवयीने अंग टाकून ओढलं तर स्टिअरिंग गर्रकन टोकाला जाऊन आपटलं. नाना हसले. "हळू, मिस! जोर फार आहे तुमच्या हातांत."

मग मला जे रडू आलं ते स्टेशनात गाडी येऊन गेली तरी थांबेना. बिचारे म्हातारे घाबरून गेले.

२७ फेब्रुवारी, सोमवार

चमारी मिसच्या घरी गेले. थरुलीचे टाके काढलेत, हनुवटीवर गुलाबी रेघ राहिली आहे. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

"त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?" तिने विचारलं.

"खोटं नव्हते बोलत. मला तसंच वाटत होतं."

"कुणी केलं हे?"

इथे मी थांबले. या डोंगरावरची प्रत्येक गाडी त्याच्याकडे जाते. नाव घेतलं की गॅरेज संपलं. हर्षनीचं घर डोळ्यांपुढे आलं. देवळामागचं मैदान आलं. मग ते गटार आलं, आणि त्याच्या दोन हात पलीकडचं.

"सिरिपालने," मी म्हटलं.

चमारी मिस म्हणाली, "तुमच्यावर माझा विश्वास आहे, अनुला अक्का. पण जड झाल्यावरही तुम्ही महिनाभर पोरं नेलीत ना? थरुलीला मी नाही पाठवणार."

तिचं बरोबर आहे. चहा घेतला आणि निघाले.

३ मार्च, शुक्रवार

बाकी तिघं परत आली. पोरं दहा.

टाकीच्या वळणावर आता व्हॅन लोण्यासारखी वळते. उतारावर सिरिपालचं गॅरेज लागतं. दार अर्धं उघडं होतं, आत एकही गाडी नव्हती. तो उंबऱ्यात उभा होता, हातात चहाचा पेला. व्हॅन दिसल्यावर त्याने पेला खाली ठेवला आणि हात वर केला. जरासाच, खांद्यापर्यंत.

स्टिअरिंग इतकं हलकं होतं की एका हातानेही सांभाळलं असतं. मी दोन्ही हात त्यावरच ठेवले आणि पुढे निघून गेले.